चिठ्ठीआधीची यादी

तिकिटं तीन आणि माणसं नऊ, हा प्रश्न धर्मशास्त्राचा आहे असं मी म्हटलं तेव्हा घरात हशा पिकला. संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या बाईला जिथेतिथे शास्त्रच दिसतं, असं भाचा म्हणाला. म्हणू दे. वाटणी हा आपल्या स्मृतिकारांचा आवडता विषय. जमीन, गुरं, कर्ज, विहिरीचं पाणी, कशाकशाच्या वाटणीवर त्यांनी डोकेफोड केली आहे! मनूने तर काय वाटायचं नाही याचीही यादी देऊन ठेवली आहे. अंगावरचे कपडे, वाहन, दागिने, शिजवलेलं अन्न. जे कापलं की संपतं ते वाटू नका, इतका साधा तो विचार. पण मग ते द्यायचं कोणाला?

आमच्याकडची न कापता येणारी वस्तू म्हणजे २२ ऑक्टोबर २०२५च्या सामन्याची तिकिटं. एफसी गोवा विरुद्ध अल नस्र, फातोर्ड्याच्या नेहरू स्टेडियमवर. त्या वर्षी मे महिन्यात गोव्याने सुपर कप जिंकला, ऑगस्टमध्ये ओमानच्या अल सीबला हरवून आशियाई स्पर्धेच्या गटात पाय ठेवला, आणि लगेच गट पडले तेव्हा समोर आला तो ख्रिस्तियानो रोनाल्डोचा क्लब. फुटबॉल हा गोव्याचा राज्यखेळ, सरकारनेच २०१२ साली तसं जाहीर केलेलं. तरी या वेळी जे सुरू झालं ते खेळाच्या पलीकडचं होतं. ज्यांनी फातोर्डा आयुष्यात फक्त मडगावच्या बसच्या खिडकीतून पाहिलं, तेही तिकीट कुठे मिळेल म्हणून फोन करू लागले. स्टेडियमात माणसं मावतात वीस हजारांच्या आत.

थोरला पुतण्या रात्री मोबाइल धरून बसला आणि त्याच्या हाती तीन तिकिटं लागली. सामना नेमका दिवाळीच्या पाडव्याला, म्हणजे पुण्या-मुंबईची सगळी मंडळी आमच्या फोंड्याकडच्या घरी जमलेली. नरकचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी मुलं बाहेर नरकासुराच्या सांगाड्याला कागद चिकटवत होती आणि आत ओसरीवर ही बैठक बसली.

पहिल्यांदा बोलली ती थोरली सून. "तिकिटं ह्यांनी काढली, रात्रभर जागले, निदान एक तरी ह्यांचं नको का?" बिनतोड वाटतं. याज्ञवल्क्यही तिच्या बाजूने उभा राहिला असता. वडिलांच्या धनाला धक्का न लावता जे मिळवलं ते वाटणीत येत नाही, असं त्याचं म्हणणं. भाच्याने लगेच खोडी काढली, "पण वायफाय दादांचं होतं." सगळे हसले. मला मात्र तो विनोद वाटला नाही, कारण नेमका हाच वाद कोर्टांनी पिढ्यान् पिढ्या ऐकला आहे. घरच्या पैशाने शिकलेल्या मुलाची कमाई त्याची स्वतःची की एकत्र कुटुंबाची? ब्रिटिश अमदानीत यावर इतके खटले झाले, की शेवटी १९३० साली विद्येच्या कमाईसाठी वेगळा कायदाच करावा लागला. आमच्याकडे तेवढी वेळ आली नाही. पुतण्या म्हणाला, "मी घरासाठी म्हणूनच काढली होती." हक्क ज्याचा त्यानेच सोडला, की शास्त्राला काम उरत नाही.

मग दादा. म्हणजे माझे थोरले दीर. सत्तरी ओलांडलेली, गुडघे गेलेले, पण बांदोडकर गोल्ड ट्रॉफीचे सामने उन्हात उभं राहून पाहिलेला माणूस. त्यांच्या बाजूने मनू आहेच. शेळ्यामेंढ्या भावांत सारख्या वाटल्या जात नसतील तर वरचं जनावर थोरल्याचं, असं नवव्या अध्यायात सांगितलं आहे. मला ही तोड कधीच पटली नाही. विषम उरलेलं थोरल्याला का, याचं कारण मनू देत नाही. भांडण मिटावं एवढाच हेतू दिसतो. दादांचा खरा दावा वयाचा नव्हताच. "मला पुन्हा असा सामना बघायला मिळायचा नाही," एवढंच ते म्हणाले. समोर बसला होता त्यांचा नातू, अकरा वर्षांचा, पाठीवर सातचा आकडा असलेली जर्सी घालून. तो बोलत नव्हता, नुसता पाहत होता. एकाची शेवटची संधी आणि एकाची पहिली ओढ, यांत जड कोण, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही कोणी तागडीत घालून दाखवलेलं नाही.

दादांनीच मग दुसरा मार्ग सुचवला. त्यांचं उभं आयुष्य कोर्टात इन्व्हेंटरीच्या फायली लिहिण्यात गेलं. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: इथे माणूस गेला की त्याच्या मालमत्तेची यादी कोर्टापुढे होते, आणि जी वस्तू तोडून वाटता येत नाही तिच्यावर वारसदार आपसात बोली लावतात. जो जास्त बोलेल त्याच्याकडे ती जाते, बाकीच्यांना त्यांच्या हिश्शाचे पैसे मिळतात. पोर्तुगीजांच्या काळापासूनची ही रीत. "बोली लावा," दादा म्हणाले, "कोणाचा कोणावर उपकार नको." नातवाने पहिल्यांदा तोंड उघडलं. "माझ्याकडे पैसेच नाहीत." तिथेच ती सूचना निकालात निघाली. बोली चांगली, पण ती ओढ मोजत नाही, खिसा मोजते. आणि घरातली सगळ्यात मोठी ओढ सगळ्यात रिकाम्या खिशात होती.

धाकटा पुतण्या गावच्या संघातून खेळतो. त्याच्या मित्रांचं म्हणणं, जो खेळतो त्यानेच जावं. अ‍ॅरिस्टॉटल असंच म्हणतो: चांगल्या बासऱ्या वाटायच्या तर त्या उत्तम वाजवणाऱ्याला द्याव्या, कुलवंताला किंवा देखण्याला नव्हे. पण तिकीट म्हणजे बासरी नव्हे. बघण्याला कौशल्य लागत नाही, लागते फक्त आस्था. त्यामुळे ती सूचना मी तरी मनावर घेतली नाही.

थोरल्या सुनेने देवाला कौल लावायचा काढला. आमच्याकडच्या देवळांत भिजवलेल्या पाकळ्या मूर्तीला चिकटवून प्रश्न विचारतात, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मुलीचं लग्न, शेताचा वाद, आजारपण, सगळं तिथे विचारलं जातं. मग हे का नको? तिचा प्रश्न वाटतो तितका भाबडा नव्हता. देवाला लहान गोष्ट विचारू नये असं कुठे लिहिलंय? मला तो नको होता तो वेगळ्या कारणासाठी. कौल लावायचा तो माणसाची बुद्धी थकल्यावर. आमची तर अजून चालूच झाली नव्हती. आपण तोंडावर बोलायचं टाळतो आहोत ते देवाच्या तोंडून वदवून घेणं, याला मी श्रद्धा म्हणणार नाही. शिवाय ज्याच्या विरुद्ध पाकळी पडेल त्याला वाटणार, देवालाही मी नको. तिकिटापायी एवढी जखम कशाला?

राहिल्या चिठ्ठ्या. चिठ्ठीत कोणाचा अपमान नाही, म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि इथे मला जीमूतवाहनाची आठवण झाली. बंगालकडचा हा शास्त्रकार, 'दायभाग' हा ग्रंथ त्याचा. वाटणी म्हणजे काय हे सांगताना तो चक्क चिठ्ठ्यांसारख्या सोडतीचा उल्लेख करतो. त्याचं म्हणणं असं: वारसदाराचा हक्क आधीपासून असतोच, फक्त कोणता तुकडा कोणाचा हे ठरवायला पुरावा नसतो; सोडत तेवढं उघड करते. म्हणजे सोडत हक्क निर्माण करत नाही. ज्यांचा हक्क आधीच मान्य झालेला आहे आणि ज्यांच्यात डावंउजवं करायला कारण उरलेलं नाही, त्यांच्यातच ती न्याय्य. हे वाक्य मी वर्गात कैकदा शिकवलं. त्यातला खरा भार 'ज्यांचा हक्क आधीच मान्य झालेला आहे' या अटीवर आहे, आणि विद्यार्थ्यांची नजर नेहमी सोडतीवरच अडकायची.

तामिळनाडूत उत्तिरमेरूरच्या देवळाच्या भिंतीवर चोळ राजा परांतकाच्या काळातले, इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या सुरुवातीचे दोन शिलालेख आहेत. ग्रामसभेच्या समित्यांवर माणसं कशी निवडायची ते त्यांत सांगितलं आहे. ताडपत्राच्या तुकड्यांवर नावं लिहायची, मडक्यात टाकायची, मडकं हलवायचं आणि आत काय आहे हे न कळणाऱ्या लहान पोराकडून एक पान काढून घ्यायचं. शाळेच्या पुस्तकांत याचं प्राचीन लोकशाही म्हणून कौतुक असतं, आणि ते खोटंही नाही. पण त्याच शिलालेखात आधीच्या ओळींत नाव मडक्यात कोणाचं पडेल तेही आहे. स्वतःची कर भरणारी जमीन हवी, स्वतःच्या जागेवर घर हवं, वय पस्तीस ते सत्तर, वेदांचं ज्ञान हवं, मागचे हिशेब न दिलेला नसावा. हिशेबाची अट मला फार आवडते, ती आजही लावायला हरकत नाही. बाकी अटी वाचल्या की कळतं, पोराचा हात मडक्यात जाण्याआधीच अर्ध्याहून जास्त गाव बाहेर उभं आहे.

आमच्या ओसरीवर सहा चिठ्ठ्या तयार झाल्या. भाच्यानेच जुन्या कॅलेंडरचा कागद फाडून त्या केल्या, पोह्यांच्या रिकाम्या पातेल्यात टाकल्या. दादा, थोरला पुतण्या, धाकटा पुतण्या, नातू, माझा मुलगा आणि भाचा स्वतः. माझा मुलगा तेव्हा आंघोळीला गेला होता. त्याला कोणी विचारलं नव्हतं, तो येणार की नाही हेही ठाऊक नव्हतं, तरी त्याची चिठ्ठी होती.

मी विचारलं, "नावं सहाच का? आपण नऊ आहोत."

थोरली सून म्हणाली, मला नाही जायचं, मला त्या गर्दीत गुदमरतं. ते खरं होतं. मलाही नको होतं. मी सामना घरी चहाबरोबर बघते आणि मधूनमधून डुलकी काढते. उरली धाकटी सून, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. ती आत खोबरं खवत बसली होती. मुलगी कोल्हापूरची, पेठेतली. कोल्हापुरात पेठेतल्या माणसाला शाहू स्टेडियम वेगळं सांगावं लागत नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही तालमींची नावं तिथे संघांची नावं आहेत, आणि हंगाम सुरू झाला की घरातल्या घरात अबोला धरला जातो. ही पोर लहानपणी वडिलांच्या खांद्यावर बसून सामने बघितलेली. लग्नानंतर आमच्या ओसरीवर जेव्हा जेव्हा टीव्हीवर सामना लागायचा, तेव्हा ऑफसाइड झाला की पंचाच्या आधी तीच स्वयंपाकघरातून ओरडायची. हे सगळ्या घराला माहीत होतं. तरी नाव लिहिताना कोणाच्या बोटांवर ते आलं नाही.

मी हाक मारून विचारलं. तिने खवणीवरून हात न काढता सांगितलं, "विचारलंत म्हणून सांगते काकी, मला जायचंच आहे."

"मग आधी सांगायचंस ना गो," भाचा म्हणाला. तो वाईट मनाने म्हणाला नाही. पण बघा, माझ्या मुलाने आधी काही सांगितलं होतं का? काही नावं न विचारता मोजली जातात आणि काहींना आधी आपलं असणं कळवावं लागतं. सोडत कितीही निर्मळ असो, हा फरक ती धुऊन काढू शकत नाही. तो तिच्या आधीच झालेला असतो.

युधिष्ठिराची यक्षाबरोबरची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. चार भाऊ तळ्याकाठी मरून पडलेले, यक्ष म्हणतो एकाला उठवतो, कोणाला ते सांग. भीम नाही, अर्जुन नाही, युधिष्ठिर नकुलाचं नाव घेतो. कुंतीचा एक मुलगा मी जिवंत आहे, माद्रीचाही एक असू दे. कीर्तनात ही गोष्ट निःस्वार्थीपणाची म्हणून सांगतात. मला तिच्यातलं दुसरंच काही महत्त्वाचं वाटतं. त्या तळ्याकाठी माद्री नव्हती. ती कधीचीच सती गेलेली, तिच्या बाजूने बोलणारं कोणी नव्हतं, यक्षाने तिचा विषयही काढला नव्हता. युधिष्ठिराने आधी दावेदारांची यादी दुरुस्त केली आणि मगच निवड केली. अर्थात त्याचं नशीब असं, की यक्ष खूश झाला आणि चौघेही उठले. आमच्या पातेल्यातून जादा तिकिटं निघणार नव्हती.

आणखी एक गंमत सांगते. १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात १८७०पासून लागू झाली, तेव्हापासून इथे मुलगा आणि मुलगी वारसाहक्कात बरोबरीचे. उरलेल्या देशातल्या बहुतेक हिंदू मुलींना एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत तो बरोबरीचा वाटा मिळायला २००५ साल उजाडलं. लग्नानंतर नवरा-बायकोची मालमत्ताही इथे सहसा सामायिक धरतात, म्हणून इन्व्हेंटरीत वारसाच्या बायकोलाही बोलावणं जातं. हे दादांइतकं कोणाला ठाऊक? शेकडो सुनांच्या नावाच्या नोटिसा त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिल्या असतील. मी काही बोलायच्या आत त्यांनीच कॅलेंडरचा कागद ओढला, नाव लिहिलं आणि पातेल्यात टाकलं. तोंडाने म्हणाले फक्त, "पक्षकार राहिला होता एक."

शेजारची चार वर्षांची पोर आणून तिच्याकडून चिठ्ठ्या काढवल्या. दादा, नातू, भाचा. धाकट्या सुनेचं नाव आलं नाही. ती "बरं" म्हणाली आणि खोबऱ्याकडे वळली. थोरल्या पुतण्याचंही आलं नाही, ज्याने तिकिटं काढली होती. पण कोणाचीच कुरकुर नव्हती. नाव पातेल्यात असून न निघणं आणि नाव पातेल्यातच नसणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत माणूस हरतो, दुसरीत तो मोजलाच जात नाही.

प्रकरण इथे संपलं असतं तर मी हे लिहायलाही बसले नसते. दोनच दिवसांत, लक्ष्मीपूजनापर्यंत, बातमी पक्की झाली: अल नस्र गोव्याला येतंय, रोनाल्डो येत नाही. २०२३ साली नवी मुंबईत असंच झालं होतं. मुंबई सिटीशी खेळायला अल हिलाल आला आणि नेमार दुखापतीमुळे येऊ शकला नाही. नातवाने जर्सी काढून कपाटात फेकली. आणि त्याच संध्याकाळी दादांचा गुडघा दुखायला लागला.

"पायऱ्या चढवायच्या नाहीत मला," ते धाकट्या सुनेला म्हणाले, "तू जा गो माझ्या तिकिटावर."

ती हो म्हणाली. मग आत येऊन हळूच मला विचारलं, "काकी, रोनाल्डो येणार असता तर दादांनी दिलं असतं?"

हा नचिकेताचा प्रश्न आहे. कठोपनिषदाची सुरुवातच तिथून होते. वाजश्रवस सर्वस्व दान करायला निघालेला आणि देतोय काय, तर शेवटचं पाणी पिऊन झालेल्या, शेवटचं गवत खाऊन झालेल्या, दूध आटलेल्या गाई. पोराला राहवत नाही आणि तो बापाला विचारत सुटतो, मला कोणाला देणार? दुसरा दिवस पाडव्याचा. वामनाने तीन पावलं मागितली तेव्हा शुक्राचार्यांनी सावध केलं असतानाही बळीने दिली, म्हणून त्याचं नाव आजही घेतो तो दिवस. बळीचं दान देताना महाग होत गेलं. दादांचं तिकीट द्यायच्या आधीच स्वस्त झालं होतं.

तरी मी दादांना वाजश्रवसाच्या पंक्तीला बसवणार नाही. त्या गाई घेणाऱ्यालाही निरुपयोगी होत्या, आणि तिथेच खोट होती. इथे तिकिटाची किंमत उतरली ती देणाऱ्याच्या लेखी. घेणारीला रोनाल्डोचं अप्रूप नव्हतंच. तिला गोव्याचा संघ तसल्या बलाढ्य संघापुढे कसा उभा राहतो ते बघायचं होतं. दान तोलायचं कोणाच्या बाजूने, देणाऱ्याला किती लागलं यावरून की घेणाऱ्याला किती मिळालं यावरून? आपल्याकडे सगळा हिशेब देणाऱ्याच्या मनाचा, कारण पुण्य त्याच्या खात्यात जमा व्हायचं असतं. मला हे अर्धवट वाटतं. दादांचं देणं त्याग म्हणून हलकं होतं, दान म्हणून चोख होतं. सुनेला मी एवढंच सांगितलं, की बहुतेक दिलं नसतं, तू जा.

पाडव्याला संध्याकाळी तिघं निघाली, बोरीच्या पुलावरून मडगावकडे. गोवा अर्ध्या तासातच दोन गोलांनी मागे पडला, मग एक्केचाळिसाव्या मिनिटाला ब्रायसन फर्नांडिसने एक परत केला, आणि सामना २-१ असाच संपला. सून दोन दिवस घशातून आवाज न निघता फिरत होती. नातू पुढे आठवडाभर ब्रायसनचा गोल अंगणात करून दाखवत होता, जर्सी मात्र सातचीच. दादांनी सगळा सामना टीव्हीवर पाहिला, गुडघ्याबद्दल अवाक्षर न काढता.

त्यांना गाडीने नेलं आणि आणलं थोरल्या पुतण्याने, सामनाभर तो बाहेर एका हॉटेलात बसून मोबाइलवर बघत होता. तिकिटांचे पैसे त्याला अजून कोणी दिलेले नाहीत. दादा म्हणतात, इन्व्हेंटरीत धरू.